हातनोशीचा परदेशी संघ

बेलवंड्याच्या शाळेकडून चौदाव्या वर्षी फलंदाजीला उतरलेला सत्यजित जगदाळे पंचविसाव्या वर्षी राष्ट्रीय संघात गेला, तेव्हा त्याची तीच खेळी अजून चालू होती. मधल्या काळात तो बाद झाला नव्हता, एवढंच.

मी त्या सामन्याचा पंच. तेव्हा बेलवंड्याच्या शाळेत खेळाचा शिक्षक होतो. पुढे वयानुसार निवृत्त झालो, पण पंच म्हणून मला कुणी मोकळं केलं नाही. सामना तालुक्याच्या स्पर्धेचा होता आणि समोर हातनोशीची शाळा होती. हातनोशी आमच्यापासून सहा किलोमीटर. मधे एक ओढा आणि एक वीटभट्टी.

हातनोशीकडून सत्यजितचा सख्खा धाकटा भाऊ विश्वजित गोलंदाजी करत होता. त्यांच्या मामाला मूलबाळ नव्हतं, म्हणून विश्वजित लहानपणापासून मामाकडे वाढला आणि तिथल्याच शाळेत गेला. रविवारी सायकल काढून आईला भेटायला यायचा. दोघं भाऊ शाळेच्या मागे खेळायचे, तेव्हाही सत्यजित बाद व्हायचा नाही आणि विश्वजित कंटाळायचा नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमचे नऊ गडी बाद झाले आणि सत्यजित राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला. नियमपत्रकात षटकांची मर्यादा लिहायची राहून गेली होती. पंधरा दिवसांनी मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, "शेडगे, हे कधी संपणार?"

"तो बाद झाला की, सर."

डाव मधेच सोडायचा तर तसं कर्णधाराने सांगावं लागतं. आमचा कर्णधार पहिल्याच चेंडूवर बाद होऊन रागारागाने घरी गेला होता. दहावीनंतर त्याच्या वडिलांची बदली झाली आणि नवा पत्ता शाळेकडे नव्हता. तेव्हा सामना चालू राहिला. दुसऱ्या टोकाला अन्वर मुल्ला होता. षटकाच्या शेवटच्या चेंडूवर सत्यजित एक धाव काढायचा, त्यामुळे अन्वरला खेळायची वेळ फारशी यायची नाही. धावायचा मात्र मन लावून. बारावीचा अभ्यास त्याने माझ्या शेजारी उभं राहून केला.

तिसऱ्या वर्षी जिल्ह्याच्या निवड समितीचे दोघे जण आले, दिवसभर चिंचेखाली बसून पाहत राहिले आणि त्यांनी सत्यजितची जिल्हा संघात निवड केली. खेळी चालू असल्यामुळे तो येऊ शकत नाही, असं मी कळवलं. उत्तर आलं: खेळाडूस खेळी सोडून बोलावता येणार नाही, सबब चालू सामना हाच जिल्ह्याचा सामना समजण्यात यावा. आता जिल्ह्याच्या सामन्यात समोरचा संघही दुसऱ्या जिल्ह्याचा लागतो. म्हणून हातनोशीच्या अकरा मुलांची नावं शेजारच्या जिल्ह्यात घालण्यात आली. मुलं त्या दिवशी खूप हसली. त्यांचा एसटीचा पास तेवढा बंद झाला.

सहाव्या वर्षी सत्यजित राज्याच्या संघात गेला आणि हातनोशीचे अकरा जण दुसऱ्या राज्याचे झाले. त्यांचे दाखले त्या राज्याच्या भाषेत आले. ते त्यांच्यापैकी कुणालाही वाचता येत नव्हते. विश्वजितला सैन्यात जायचं होतं. भरतीला गेला तर बाहेरचा उमेदवार म्हणून त्याला रांगेतून काढलं. दुसऱ्या दिवशी चेंडू टाकायला परत जाताना तो म्हणाला, "दादा, मी आता परराज्यातला."

"मग मलाबी ने की तिकडं," सत्यजित म्हणाला.

दोघंही हसले. त्यानंतर ते दोघं हसल्याचं मला आठवत नाही.

अकराव्या वर्षी राष्ट्रीय संघाची यादी आली आणि तीत सत्यजितचं नाव होतं. बेलवंड्यात फटाके वाजले. आमदारांनी खेळपट्टीवर येऊन त्याच्या गळ्यात हार घातला. तो हार काढून त्याने अन्वरकडे दिला आणि पुढचा चेंडू खेळला. दुपारी क्रिकेट मंडळाकडून करंदीकर नावाचे अधिकारी आले. सभ्य गृहस्थ होते. बूट काढून मैदानात आले.

"राष्ट्रीय सामन्यात प्रतिस्पर्धी परदेशी असावे लागतात," ते म्हणाले. "अकरा जणांचे फोटो लागतील."

"साहेब, परदेशी म्हणजे कुठल्या देशाचे?" मी विचारलं.

"देशाचं नाव मागाहून येईल. सध्या तो रकाना कोरा ठेवायचा."

पंधरा दिवसांत पासपोर्ट आले. सोबत राहण्याचा परवाना होता, तो बेलवंड्याच्या शाळेपुरता आणि मैदानापुरता. अकरा जणांची सोय भूगोलाच्या वर्गात केली. दारावर एक हवालदार बसला. चौघापाचांची लग्नं झाली होती. त्यांच्या बायका शनिवारी हातनोशीहून मुलांना घेऊन यायच्या आणि कुंपणापाशी अर्ज भरून उभ्या राहायच्या. रंजनाबाई, म्हणजे या दोघांची आई, रोज दोन डबे आणायची. सत्यजितचा डबा सरळ आत जायचा. विश्वजितचा डबा हवालदार उघडून बघायचा, कारण तो परदेशी पाहुण्याचा होता.

"माझंच पोरगं हाय ते," ती एकदा म्हणाली.

"हो मावशी," हवालदार म्हणाला, "पण झाकण काढावं लागतंय."

मार्चमध्ये मामा गेला. निरोप आला तेव्हा विश्वजितच्या षटकाचे तीन चेंडू झाले होते. तो मैदानाबाहेर बसलेल्या करंदीकरांकडे गेला.

"साहेब, सहा किलोमीटरवर हाय. मला त्यानं वाढवलंय. अग्नी मीच द्यायला पायजे."

"हातनोशी तुमच्या परवान्यात नाही," करंदीकर म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. "मी वर विचारतो. आठवड्यात उत्तर येईल."

मामाला शेजाऱ्याच्या मुलाने अग्नी दिला. विश्वजित थोडा वेळ सीमारेषेपाशी उकिडवा बसला, मग उठून त्याने उरलेले तीन चेंडू टाकले. सत्यजितने ते तिन्ही खाली मान घालून जमिनीवर दाबले.

चहाच्या वेळी सत्यजित माझ्याकडे आला. "सर, आता बास. पुढचा बॉल मी सोडणार. लागू दे स्टंपाला."

करंदीकर जवळच उभे होते. त्यांनी त्याला बाजूला घेतलं, पण मला ऐकू येत होतं. "जगदाळे, एक सांगून ठेवतो. सामना संपला की पाहुण्या संघाने चोवीस तासांत परत जायचं असतं."

"कुठं?"

"आपल्या देशात."

"पर देशाचं नाव तर आलं नाही."

"ते येईल. जाणं बंधनकारक आहे."

त्या दिवसापासून सत्यजित वेगळाच खेळायला लागला. आधी धावांसाठी खेळायचा. आता फक्त बाद न होण्यासाठी. तिरका फटका नाही, उचलून फटका नाही. वर्तमानपत्रांनी त्याच्या संयमाचं कौतुक केलं. मला त्याचे हात दिसायचे. प्रत्येक चेंडूआधी तो बॅटची मूठ सोडून पुन्हा धरायचा. त्याचे केस कानापाशी पांढरे झाले. आईशी बोलताना तो तिच्याकडे बघेनासा झाला.

ऑगस्टमध्ये आणखी एक पत्र आलं. परत जाणाऱ्या पाहुण्यांना बायकामुलं सोबत नेता येतील, असं त्यात होतं. आईवडील त्यात बसत नव्हते. त्या आठवड्यात हातनोशीचा कर्णधार भगवान थोरात विश्वजितशी बराच वेळ बोलत बसलेला मी पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला चेंडू टाकायच्या आधी विश्वजित भावापाशी गेला. मी चार पावलांवर होतो.

"दादा, ह्यांची पोरं कुंपणातनं बाप बघत्यात. आज मी मनापासनं टाकणार हाय."

"मी आउट झालो तर तुला नेतील, विशू."

"नेऊ दे. हितं तरी मी कुठं हाय?"

"आईला काय सांगू?"

विश्वजित चेंडू घेऊन आपल्या खुणेवर गेला.

चेंडू पूर्ण टप्प्याचा होता, आत वळला आणि सत्यजितच्या पुढच्या पायावर, मधल्या यष्टीच्या अगदी समोर आदळला. दहा जण ओरडले. विश्वजित ओरडला नाही. त्याने वळून हळूच विचारलं, "सर, आउट हाय का?"

सत्यजित माझ्याकडे बघत होता. "सर, नको," तो म्हणाला. दोरीपाशी रंजनाबाई दोन डबे घेऊन उभी होती. नाबाद म्हणायला मला फार सोपं होतं, कुणी विचारलंही नसतं. पण दोघांनाही खेळ मीच शिकवला होता, आणि चेंडू लागला होता तिथेच लागला होता.

मी बोट वर केलं.

आमची धावसंख्या पाहून थोरातने फलंदाजी न करताच हार मान्य केली आणि सही केली. सत्यजितने पॅड सोडले, तेव्हा खालचे पाय गुडघ्यांपर्यंत लहान मुलासारखे गोरे निघाले. तो मैदानाबाहेर कुठून जायचं असतं ते शोधत उभा राहिला. अन्वरने त्याला हाताला धरून नेलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बस आली. पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं. बायका मुलांना घेऊन चढल्या. विश्वजित आईच्या पाया पडला. ती म्हणाली, "पोचलास की कळव." तो "हो" म्हणाला. ड्रायव्हरला मी विचारलं, कुठपर्यंत जाणार? तो म्हणाला, पुढच्या नाक्यावर दुसरा ड्रायव्हर बसणार आहे, त्याला माहीत असेल.

पत्र आलं नाही.

पुढच्या वर्षी राष्ट्रीय संघाचा सामना मोठ्या शहरातल्या मोठ्या मैदानावर झाला. मंडळाने रंजनाबाईला आणि मला पाहुणे म्हणून बोलावलं होतं. समोरच्या देशाचं नाव भोंग्यावरून सांगितलं, पण गर्दीमुळे ते आम्हाला नीट ऐकू आलं नाही. त्यांचा संघ मैदानात उतरला, तेव्हा चौथा माणूस विश्वजित होता. त्याच्या मागे थोरात होता. करंदीकरांनी आम्हाला दोरीपर्यंत नेलं.

"विशू," रंजनाबाईने हाक मारली.

तो थांबला. त्याने परदेशी लोक जोडतात तसे हात जोडले आणि शेजारच्या दुभाष्याला काहीतरी सांगितलं. भाषा माझ्या ओळखीची नव्हती.

"ते म्हणतात, या देशात ते पहिल्यांदाच आले आहेत," दुभाष्या म्हणाला. "हवा फार छान आहे म्हणतात."

"जेवला का, विचारा," रंजनाबाई म्हणाली.

दुभाष्याने विचारलं. विश्वजितला उत्तर द्यायला वेळ लागला.

"हो म्हणतात."

तिने मान हलवली. आम्ही आपल्या जागेवर येऊन बसलो. विश्वजितच्या हातात नवा चेंडू दिला गेला, सत्यजितने मधल्या यष्टीचा गार्ड घेतला, आणि सामना वेळेवर सुरू झाला.