खाली कोन हाय?

दामूकाका हातातली वस्तू खाली ठेवण्यापूर्वी परवानगी मागतात. चहाचा ग्लास टेबलावर ठेवायचा असो की पान्यांची पेटी जमिनीवर, आधी खणखणीत आवाजात ओरडणार, "खाली कोन हाय?" आणि कुणीतरी "मी आहे, सोड" म्हणेपर्यंत ती वस्तू हातातच.

श्रीवर्धनजवळच्या आमच्या छोट्या तंत्रनिकेतनात मी शिकवायला लागलो, त्या पहिल्याच दिवशी हा प्रश्न माझ्या कानामागे इतक्या जोरात फुटला की हजेरीपट माझ्याच हातातून पडला. वळून पाहतो तर साठीचा, काटक माणूस दोन्ही हातांत जड मोटर घेऊन उभा. खाली फरशीशिवाय काही नव्हतं.

"कुणी नाही, ठेवा," मी म्हणालो. ते ठेवेनात.

"मी आहे काका, सोड!" मागून एक मुलगी ओरडली, तेव्हा मोटर जमिनीला टेकली. विद्यार्थिनीनं बापाच्या वयाच्या माणसाला खुशाल अरेतुरे करावं, हे ऐकून मी दुसऱ्यांदा हबकलो. मी पनवेलचा, साध्यासुध्या घरातला. मोठ्यांना अहोजाहो केल्याशिवाय घास गिळत नाही. दुसऱ्या दिवशी मी मधला मार्ग काढला, "मी आहे काका, सोडा."

"सोडा बाटलीत अस्तो, सर," काका म्हणाले आणि तसेच उभे राहिले.

चौकशीत कळलं की काका पूर्वी सुपारीच्या बागांत पाडेली होते, म्हणजे झाडावर चढून घड उतरवणारे. अचानक ते काम सोडून वर्कशॉपात मदतनीस झाले. का सोडलं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी मात्र तीन वर्षं "सोडा"च म्हणत राहिलो आणि तीन वर्षं माझ्यासमोर ते वस्तू धरून ताटकळत राहिले.

'सोड' म्हणणारी ती मुलगी सानिया, आमच्या रोबोटच्या गटाची म्होरकी. स्पर्धेत रोबोटनं उंच खांबावरच्या टोपलीत बॉल टाकायचे असतात. गेल्या वर्षी आमचा एकही बॉल टोपलीत राहिला नव्हता. यंदाही भोपळा आला तर रोबोटची खोली भंगार ठेवायला जाणार, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. सानिया त्या दिवशी जेवली नव्हती.

यंत्राचा आराखडा माझा होता आणि मला त्याचा अभिमान होता. उलटसुलट गरगरणारी दोन चाकं, मध्ये बॉल गेला की सणसणीत बाहेर. बॉल टोपलीत जायचे आणि आपटून उडायचे. काकांनी एकदाच पाहिलं. "सर, ह्यो मारतोय. मारायचं न्हाय, द्यायचं हाय."

एका दुपारी वर्कशॉपात शिरलो आणि जागच्या जागी थिजलो. काका रोबोटसमोर गोणपाट पसरून उभे, सानिया त्यांच्या दिशेनं धडाधड बॉल सोडतेय आणि मागच्या खिडकीची काच फुटलेली.

"काय चाललंय हे?"

"सर, काका म्हणतात, झेलताना हाताला लागला तर तो टोपलीतूनपण उडणार," सानिया म्हणाली. तिनं चाकांचा वेग निम्म्यावर आणला होता आणि नळी वर वळवली होती. पुढचा बॉल उंच गेला, क्षणभर हवेत रेंगाळला आणि गोणपाटात अलगद उतरला. माझ्या आराखड्याची वाट लागली होती आणि यंत्र पहिल्यांदाच नीट चाललं होतं. मला दोन्हीचा धक्का बसला.

पण काकांचं समाधान नव्हतं. "बटन वरच्याच्या हातात? खालच्यानं सांगितल्याबिगर सोडायचं व्हय?" मी हसलो. सानिया हसली नाही. तिनं आवाज ओळखणारी एक चिप बसवली. टोपलीपाशी उभ्या असलेल्या, गटातल्याच प्राचीच्या कॉलरला माइक लावला. आता प्राची नेम पाहून 'सोड' म्हणेल तेव्हाच बॉल सुटणार. यंत्राला तो एकच शब्द कळत होता. मुलींनी लाडानं रोबोटचं नावही दामूकाका ठेवलं.

तिथंच घात झाला.

माणगावला फेरी होती. सभागृह गच्च. निवेदकानं पुकारलं, "पुढचा रोबोट, दामूकाका!" रोबोट सरसरत जागेवर गेला, चाकं फिरू लागली. प्राची ही अतिशय वळणाची मुलगी. समोर परीक्षक, एवढे परके लोक, आणि काकांना अरेतुरे? ती नम्रपणे म्हणाली, "सोडा."

रोबोट ढिम्म.

"दामूकाका, सोडा ना," ती रडवेली झाली. घड्याळ पळत होतं. सानियाचा चेहरा पांढरा पडला. मी वेड्यासारखा "बॅटरी बघा, बॅटरी!" ओरडत होतो. एवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची करकरली. खरे दामूकाका तिच्यावर उभे होते.

"प्राची बाय! मानपान घरी ठेव! सोड म्हन, सोड!"

"सोड!" प्राचीनं डोळे मिटून किंकाळीच फोडली. बॉल उंच गेला, रेंगाळला आणि टोपलीत उतरून तिथंच बसला. मग दुसरा, तिसरा. वेळ संपला तेव्हा टोपलीत पाच बॉल होते. आम्ही पुढच्या फेरीत गेलो, खोली वाचली आणि सानियानं माझ्यादेखत चार वडापाव खाल्ले.

मुली एसटीनं पुढे गेल्या. मी आणि काका टेम्पोत, रोबोटसोबत. न राहवून मी विचारलं, "काका, सोडच का? सोडा म्हटलं तर काय बिघडतं?"

त्यांनी मांडीवर रुमाल पसरला. "घरात बायको मला अहो म्हनायची. नाव पन घेतलं न्हाय कधी. पन बागेत मी वर, ती खाली गोनपाट धरून. 'अहो, सोडा' म्हनंपर्यंत हात भरून येतो, सर. म्हनून नुसतं सोड. दिसभर मला अरेतुरे करायची आनि हसायची."

"मग?"

"मग आजारात गेली. नंतर एकदाच चढलो. घड कापला, सवयीनं इचारलं, खाली कोन हाय. कोन बोललं न्हाय." त्यांनी मांडीवरचा रुमाल दुमडला. "तसाच धरून बसलो. शेवटी शेजाऱ्यांनी मला उतरवला."

तीन वर्षांतले माझे सगळे 'सोडा' आठवले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कॉलेजात पोचलो तेव्हा उतरवून घ्यायला मी एकटाच होतो. काका टेम्पोत चढले, रोबोटची पेटी उचलून काठाशी आले.

"खाली कोन हाय?"

मी दोन्ही हात पसरले.

"मी हाय. सोड."

काकांनी लगेच सोडलं नाही. मग पेटी अलगद माझ्या हातांत आली.

"आवाज बारीक हाय सर तुमचा," ते म्हणाले. "पन वरपर्यंत आला."