आप्पांचा गाल

"एक फूल. लांबून. बाकी काही करायचं नाही," शशिकांतराव फोनवर पुन्हा म्हणाले.

आदल्या दिवशी कल्याणला त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि ते तिथेच लेकीकडे, वैदेहीकडे, राहिले होते. आज खंडेनवमी. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच बंदुकीची पूजा त्यांच्या हातून व्हायची नव्हती.

"अहो, कळलं. एक फूल."

"हळद नको, कुंकू नको. पाणी तर अजिबात नको. लोखंड आहे ते."

"बरं."

शरयूताईंनी फोन ठेवला आणि चौरंगाकडे पाहिलं. बदलापूरच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये देव्हाऱ्याच्या शेजारी, लाल कपड्यावर, सासऱ्यांची एकनळी बंदूक आडवी निजली होती. आप्पा बारवीकडच्या गावी भातशेती राखायचे, तेव्हाची. नळीचा काळा रंग उडून ती जुन्या तव्यासारखी झाली होती, पट्टा सुतळीने जोडला होता आणि घोडा कैक वर्षांपूर्वी जो अडकला तो अडकलाच. आता तिच्यातून चिमणीसुद्धा उडाली नसती. तरी शशिकांतराव वेळच्या वेळी लायसन्स नवं करून आणत. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे, तेव्हा तर इस्पितळात ठेवलेल्या माणसाची चौकशी करावी तसे ते दर आठवड्याला जाऊन "बरी आहे ना?" असं विचारून येत.

त्यांचा खरा जीव होता तो मागच्या लाकडी दस्त्यावर. त्यावर एक लांब ओरखडा होता, तो रानडुकराच्या सुळ्याचा. एक खोल खोक होती, ती बिबट्याच्या दाताची. आणि वरच्या कडेला एक काळपट, गुळगुळीत खळगा होता. शेतातल्या माळ्यावर रात्र रात्र नेम धरून बसलेल्या आप्पांनी गाल टेकून टेकून तो पाडला होता. दसऱ्याला संध्याकाळी सोसायटीतली माणसं सोनं द्यायला येत आणि आपट्याची पानं हातात धरून या खुणांच्या गोष्टी ऐकून जात.

शरयूताईंना मात्र थोडं वेगळं ठाऊक होतं. सासूबाईंनी एकदा पापड लाटताना हळूच सांगितलं होतं, की ओरखडा लोखंडी ट्रंकेच्या बिजागरीचा आणि खोक नारळाची. घरात कोयता सापडला नाही की त्या याच दस्त्यावर नारळ फोडत. "पण शशीला सांगू नको हो. माझ्या गळ्याची शपथ." शरयूताईंनी ती शपथ आजवर पाळली होती. खळगा तेवढा खरा होता, हेही सासूबाईंनीच सांगितलं होतं. आणि रोज सकाळी, आपण स्वयंपाकघरात आहोत असं समजून नवरा त्या खळग्यावर क्षणभर आपला गाल टेकतो, हे शरयूताईंनी कितीदा तरी पाहिलं होतं. पाहून भांडी जरा जास्तच वाजवली होती.

तर एक फूल. त्यांनी झेंडूचं फूल उचललं आणि हात थांबला. रोज सोळा उपचारांनी पूजा करणाऱ्या बाईला एक फूल लांबून वाहणं म्हणजे जावयाला दारातूनच पाणी दाखवून परत पाठवल्यासारखं वाटलं. लोखंडाला पाणी नको, असं ते म्हणाले होते. लाकडाबद्दल काही बोलले नव्हते.

शरयूताईंनी पंचामृत कालवलं. दूध, दही, तूप, मध, साखर. नळीवर फडकं टाकलं आणि दस्त्याला मंत्र म्हणत, मायेने, सावकाश अभिषेक घातला. वरून अत्तराचा थेंबही लावला.

दुपारी बघतात तो दस्ता हलत होता. खरं तर हलत होत्या मुंग्या.

मुंगी मारणं शरयूताईंना शक्य नव्हतं. त्यांनी चौरंगापासून खिडकीपर्यंत साखरेची रेघ घातली, म्हणजे बिचाऱ्या तिच्यामागून बाहेर जातील. थोड्या वेळाने त्याच रेघेवरून बाहेरच्या मुंग्या आत आल्या. मग त्यांनी ओल्या फडक्याने दस्ता पुसला, गरम पाण्याने पुन्हा पुसला आणि तो वाळल्यावर त्यावर कोड फुटल्यासारखे पांढरे डाग उठले. ते पाहून त्या पाटावर बसल्या आणि त्यांनी श्रीपादभावजींना फोन लावला.

श्रीपादभावजी अंबरनाथला राहत. जन्म तोफांच्या कारखान्यात काढून निवृत्त झालेले, शशिकांतरावांचे जुने मित्र. ते आले, चष्मा वर करून त्यांनी दस्ता हुंगला.

"वहिनी, हे काय, दही?"

"पंचामृत."

"तोफेवर कुणी दही ओतलेलं नाही पाहिलं मी अजून."

"भावजी, थट्टा नको. उद्या ते येतील. त्यांच्या आधी हा डाग जायला हवा."

"शशीला सांगायचं काय?"

शरयूताईंचा चेहरा पडला. यंदाच्या चातुर्मासात त्यांनी खोटं न बोलण्याचा नेम धरला होता. गेल्या वर्षी चहा सोडला होता, त्यापुढे हे सोपं वाटलं होतं.

"विचारलं तर खरं सांगेन," त्या म्हणाल्या. "पण डागच नसला तर विचारतील कशाला?"

भावजींनी मळसूत्रं सोडवली. "लोखंड घरातच राहू दे, लायसन्सचा मामला आहे. लाकूड तेवढं घ्या. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात आपला भावेश आहे, फर्निचरवाला. संध्याकाळी देतो, सकाळी तयार."

भावेशच्या दुकानात सोफ्याचे पाय आणि देव्हाऱ्यांचे कळस यांच्या गर्दीत दस्ता टेबलावर ठेवला गेला. शरयूताई हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, फक्त हा पांढरा डाग काढा. बाकी काही नको."

शेजारी फवारणीचं मशीन घरघरत होतं. भावेशने कानामागे हात लावला. "क्या? बाकी भी? हां भाभी, टेन्शन मत लो. एकदम नवीन करून देतो."

"नवीन नको हो..."

"अरे, देवाचं काम आहे ना? मी पैसे पण नाही घेणार. दसरा है."

पुन्हा मोठ्याने सांगणं शरयूताईंना जमलं नाही. जन्मात त्या कुणावर आवाज चढवून बोलल्या नव्हत्या. "एवढा चांगला माणूस, समजलाच असेल," असं मनाशी म्हणत त्या परतल्या.

सकाळी भावेशने कागदातून दस्ता काढला तेव्हा श्रीपादभावजींनी "अरे देवा" म्हटलं आणि शरयूताईंना तेही म्हणता आलं नाही. दस्ता चॉकलेटसारखा चमकत होता. त्यात दुकानाचा पंखा दिसत होता.

"सगळे स्क्रॅच पुट्टी भरून बंद," भावेश आनंदाने सांगत होता. "वर एक मोठा खड्डा होता. तो भरला तर उद्या निघेल ना भाभी? म्हणून बाजूचं सगळं घासून त्याच्या लेव्हलला आणलं. हात फिरवा. है कहीं?"

शरयूताईंनी हात फिरवला. कुठेच नव्हता.

"छान झालंय," असं म्हणायचं त्यांच्या ओठावर आलं. नेम आठवला. "तुम्ही फार मेहनत घेतलीत, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं.

दुपारी शशिकांतराव काळा चष्मा लावून घरी आले. बंदूक जोडून, शेल्याखाली झाकून ठेवली होती.

"पूजा झाली?"

"झाली."

"व्यवस्थित?"

"फारच."

पुढचं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण डोळ्यात औषधाचे थेंब घालून ते आडवे झाले होते. उठले ते घरात माणसं जमल्यावरच. तिसऱ्या मजल्यावरची प्रीती ऑफिसच्या मैत्रिणीलाही घेऊन आली होती. "काका, यंदा डुक्कर केवढं? मागच्या वर्षी म्हशीएवढं झालं होतं."

"गप गं. ऐक नीट." शशिकांतरावांनी शेला दूर केला, बंदूक मांडीवर घेतली आणि सवयीने बोट दस्त्यावर ठेवलं. "ही बघा, इथे..."

बोट पुढे सरकलं. मागे आलं. पुन्हा पुढे गेलं. काळ्या चष्म्यातून त्यांना धड दिसत नव्हतं. मग अंगठा वरच्या कडेवर गेला आणि तिथे बराच वेळ फिरत राहिला, अंधारात कडी शोधावी तसा.

"काका, डुक्कर पळालं की काय?" कोणीतरी हसलं.

"यंदा गोष्ट राहू दे," शशिकांतराव म्हणाले. आवाज एवढासा झाला होता.

शरयूताई पुढे आल्या. "माझ्या हातून झालं ते. मी पंचामृत घातलं, मुंग्या लागल्या, मग पॉलिशला दिलं. खुणा गेल्या." शशिकांतरावांनी मान वर केली नाही.

"मग काकू, तुम्हीच सांगा ना गोष्ट," प्रीती हळूच म्हणाली. "तुम्हाला तर पाठ असेल. खरं डुकरानेच मारला होता ना तो ओरखडा?"

शरयूताईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं नाही. त्या नवऱ्याशेजारी टेकल्या, त्यांचं बोट धरून गुळगुळीत लाकडावर ठेवलं आणि म्हणाल्या, "डुकरानेच. हे इथून इथपर्यंत. अमावास्या होती. भात कापणीला आलं होतं..."

त्यांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा दाराबाहेरच्या चपलांपर्यंत पोचला. डुक्कर म्हशीहून मोठं निघालं. बिबट्याने दस्ता चावला तेव्हा प्रीतीच्या मैत्रिणीने कानावर हात ठेवले. फक्त खळग्यापाशी आल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हा आप्पांचा गाल."

माणसं गेली. चौरंगाभोवती आपट्याची पानं पडली होती.

"डुक्कर फारच मोठं केलंस," शशिकांतराव म्हणाले.

"चुकलं माझं."

"नेम मोडलास त्यापायी."

"मोडला."

"ट्रंकेच्या बिजागरीसाठी."

शरयूताई बघतच राहिल्या. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"नारळ फुटला की पाणी कोण प्यायचं? मीच ना? आईने शपथ घातली होती, सुनेला सांगू नको म्हणून."

दोघांना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. शशिकांतरावांचा अंगठा पुन्हा वरच्या कडेवर गेला. "ते दोन गेले तर जाऊ देत. हा एक खरा होता गं."

शरयूताईंनी डोळ्यांना पदर लावला. मग, सांगून काय उपयोग हे कळत असूनही, भावेश काय म्हणाला ते सांगितलं. खळगा भरला नाही. बाजूचं घासून त्याच्या पातळीला आणलं.

"म्हणजे आप्पा टेकायचे ते लाकूड आहे?"

"ते आहे. आजूबाजूचं गेलं."

"असं," ते म्हणाले, आणि बंदूक त्यांनी शेल्याने झाकली.

सकाळी शरयूताई स्वयंपाकघरात भांडी वाजवत होत्या. दारातून दिसत होतं. नवऱ्याने बंदूक घेतली, गाल टेकला. तो पॉलिशवरून घसरला. जरा मागे टेकला, तिथेही जागा लागेना. मग ते नुसतेच मांडीवर बंदूक घेऊन बसले, चुकीच्या स्टेशनावर उतरलेल्या माणसासारखे.

शरयूताईंनी भांडी ठेवली. "चार बोटं पुढे," त्या दारातून म्हणाल्या. "आणि जरा खाली."

शशिकांतराव दचकले. मान वळवून त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने ही गोष्ट कधीपासून पाहिली असेल, याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर उमटला. मग त्यांनी गाल चार बोटं पुढे आणि जरा खाली टेकला, आणि डोळे मिटले.

पुढच्याच क्षणी ते ओरडून उठले. घोड्याच्या फटीत उतरलेला मध श्रीपादभावजींनाही दिसला नव्हता. मुंग्यांना दिसला होता.

"आप्पांना नाही कधी मुंगी चावली," गाल चोळत ते म्हणाले. तिथे लालबुंद गांधी उठत होती. "आता प्रीतीने विचारलं तर हे कशाचं म्हणून सांगायचं?"

शरयूताई खोबरेल तेलाची वाटी घेऊन त्यांच्याजवळ बसल्या.

"पहाटेच नेम पुन्हा धरलाय मी," त्या म्हणाल्या. "कार्तिकी एकादशीपर्यंत तिला माझ्यासमोर विचारू देऊ नका."