मोरचुदाचं वजन चौदा हजार

"माझी पोर रेणुवस्तुमान शिकायला दुसऱ्याच्या उंबऱ्यावर जाणार न्हाई!" सविताने पोळपाटावर लाटणं आपटून जाहीर केलं.

दुसऱ्याचा उंबरा म्हणजे शेजारचंच दार, धाकटी जाऊ ज्योत्स्ना हिचं. ज्योत्स्ना लोणावळ्याची, बी.एस्सी. ती टाकव्यात सून होऊन आली आणि नववीतल्या समीक्षाच्या तोंडी दुसरा विषय उरला नाही. काकी असं सांगते, काकी तसं सांगते! ऐकलं की सविताची तव्यावरची पोळी करपायची. पोर नऊ महिने पोटात कुणी वागवली? काकीनं?

"मी शिकवते. बारावी सायन्स आहे मी!"

"आई, तू बारावी नापास आहेस."

"इंग्रजीत! केमिस्ट्रीत न्हाई!"

गृहपाठात भाताच्या रोगांवर फवारतात ते निळं मोरचूद होतं. CuSO₄·5H₂O. सविताने पदर खोचला आणि सगळ्या अणूंची वजनं धडाधड मांडली. डावीकडच्या भागाचे १५९.५, उजवीकडच्या पाच पाण्यांचे ९०. मध्ये एक टिंब. टिंब म्हणजे गुणिले, बीजगणितात असंच तर असतं! केला गुणाकार. चौदा हजार तीनशे पंचावन्न!

"आई, नुसत्या पाण्याचं अठरा येतं गं. हे लय नाही होत?"

"मोरचुदाची गोणी उचलून बघ एकदा! तुझ्या बापाची कंबर धरली होती आठ दिवस!"

समीक्षाने वही मिटली. सविताचा ऊर मात्र असा भरून आला, की ते ज्ञान एका पोरीपुरतं ठेववेना. वर्गातल्या आयांच्या ग्रुपची अ‍ॅडमिन तीच. तिने सगळं गणित फोटोसकट टाकलं.

"लय भारी, वहिनी!" चंपाने लिहिलं. मग अंगठ्यांची रांगच लागली. तेवढ्यात, समीक्षाने हट्टाने ग्रुपात घ्यायला लावलेल्या ज्योत्स्नाचा मेसेज टपकला, "ताई, तिथं टिंब म्हणजे बेरीज. उत्तर २४९.५."

"जळते मेली!" म्हणत सविताने अ‍ॅडमिनचा हक्क बजावला आणि तो मेसेज उडवला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली आणि चंपा चार बायका घेऊन दारात हजर!

"अख्ख्या वर्गाचं चौदा हजार आलं! सरांनी पोरांना उभं केलं. बरोबर एकटीचं, तुमच्या समीक्षाचं!"

सविताने लेकीकडे पाहिलं. लेक पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. काल दळण आणायला गेलेली पोर कुठं बसली होती, ते सविताला आत्ता कळलं.

"आमच्या पोरांना मुद्दाम चुकीचं सांगितलंत," चंपा कडाडली, "आन् खरं सांगणारीचा मेसेज बी उडवलात! आपली पोर पयली यावी म्हणून केवढा हा डाव!"

कणकेच्या हातांनी ज्योत्स्ना धावत आली.

"चंपामावशी, डाव कसला हो! आमच्या ताई साध्या आहेत. त्यांना खरंच येत नव्हतं. समीक्षाला तर मीच..."

"ए, गप गं!" सविता किंचाळली. "येत होतं मला! मुद्दामच केलं! पोरीला खरं उत्तर मीच सांगितलं, मी! आईनं!"

बायका तोंडाला पदर लावून निघून गेल्या. संध्याकाळी आयांचा नवा ग्रुप निघाला, सविताला वगळून.

समीक्षाच्या घरून त्यात ज्योत्स्नाला घेतलं होतं.