विहिरीची मालकी आणि क्लॅरिसचं पाणी

अंधेरीच्या पूर्वेला १९५७ साली व्यक्तिवाद आचरणात आणणारा पहिला माणूस मी. पहिला आणि माझ्या माहितीप्रमाणे शेवटचाही. तत्त्वज्ञान वाचणारे पुष्कळ असतात, ते कडीकुलपासकट घरी आणून बसवणारा एखादाच निघतो. तो मी निघालो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिगत ऐकल्यावर माझ्याबद्दलचा तुमचा आदर कितपत टिकेल, मला शंका आहे.

सुरुवात केली माझ्या ऑफिसातल्या विद्याधरनं. शनिवारी अर्ध्या दिवसानं सुटका झाली की फोर्टातल्या एका इराण्याच्या माडीवर आठदहा जण जमत. एकदा तो मला तिथं घेऊन गेला. देशात तेव्हा जो तो योजनेबद्दल बोलत होता. दुसरी पंचवार्षिक, सरकारी कारखाने, सामुदायिक अमुक आणि सामुदायिक तमुक. आणि त्या माडीवर जाड भिंगांचे एक गृहस्थ समोरच्या ब्रून-मस्का पावाला हातही न लावता सांगत होते की समाज, राष्ट्र, वर्ग ही नुसती नावं आहेत. खरा आहे तो एकेकटा माणूस. त्याचं शरीर त्याचं, त्याचे कष्ट त्याचे आणि कष्टानं आलेली वस्तू त्याची. जे सगळ्यांचं, ते कोणाचंच नसतं. मालकाला ‘नाही’ म्हणायचा हक्क आहे आणि का नाही, ते सांगायला तो बांधलेला नाही.

माझ्या अंगावर काटा आला. चौतीस वर्षांच्या आयुष्यात मला ‘नाही’ म्हणायचा हक्क कोणी दिला नव्हता. वडिलांनी नाही, साहेबांनी नाही, पद्मजानं तर नाहीच. पद्मजा म्हणजे माझी बायको.

आणि मी तर चांगला मालक होतो. चारच महिन्यांपूर्वी मी गावठाणात एक बैठं घर विकत घेतलं होतं. गावठाण जुन्या ख्रिस्ती कुटुंबांचं, शेती करणाऱ्या आणि आता मुलांना नोकरीला धाडणाऱ्या. खरेदीखतात लिहिलं होतं: घर एक, अंगण, माड दोन, विहीर एक. आम्हा कर्णिकांच्या सात पिढ्या भाड्याच्या खोल्यांत गेल्या. विहीर सोडा, स्वतःचा नळ असलेला कर्णिकसुद्धा झाला नव्हता. आणि माझ्या या विहिरीवर वीस घरं पाणी भरत होती! सकाळी सहापासून रहाट करकरायचा. बायका काठावर बसून गप्पा मारायच्या, त्यांचा विषय बहुधा मीच असायचो.

मी दत्ताराम सुताराकडून विहिरीवर सागवानी फळ्यांचं भक्कम झाकण करून घेतलं. त्याला पितळी कुलूप. बुधवारी संध्याकाळी फाटकावर पाटी ठोकली: ‘खाजगी मालमत्ता. मालकाच्या परवानगीशिवाय प्रवेश नाही.’ अक्षर माझंच. शाळेत मला सुलेखनाचं बक्षीस होतं.

आता भांडण होणार म्हणून मी भाषण तयार ठेवलं होतं. कळशी कमरेवर घेऊन आली ती सेराफिना मावशी. वय सत्तरीच्या पुढे, कासोट्याचं लाल लुगडं, आणि गावठाणात तिचा शब्द पाद्रीबाबांच्या शब्दाच्या जरा वरच.

“काय लिवलंय?” तिनं विचारलं. मी वाचून दाखवलं.

“कागद हाय?”

मी खरेदीखत आणलं आणि तेही वाचून दाखवलं. मग मालकीवर दहा मिनिटं बोललो. मालकाला ‘नाही’ म्हणायचा हक्क आहे आणि कारण सांगायचं बंधन नाही, परवानगी नेहमी एकेका व्यक्तीला असते, जमावाला कधीच नाही, सगळं सांगितलं. तिनं एकदाही मधे तोंड घातलं नाही.

“बरोबर हाय,” ती म्हणाली. “कागदावर तुझं नाव, तर विहीर तुझी.”

आणि रिकामी कळशी घेऊन ती वळली. तिच्यामागून आलेल्या बायकाही वळल्या. कोणी बोटं मोडली नाहीत, कोणी शिवी दिली नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पलीकडच्या गावातल्या विहिरीवर अर्धा मैल जाऊ लागल्या. मी थक्क झालो. फोर्टातल्या माडीवरच्या मंडळींनी सहा महिने चर्चा करूनही जे दोघांना पटलं नव्हतं, ते एका न शिकलेल्या म्हातारीला दहा मिनिटांत पटलं!

“अहो, पटलं नाही, ऐकून घेतलं,” पद्मजा म्हणाली. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

गुरुवारी, शुक्रवारी मी सकाळी झाकण उघडून आमच्यापुरतं पाणी काढलं आणि किल्ली खिशात टाकून ऑफिसला गेलो. शुक्रवारी ती किल्ली मी विद्याधरला दाखवली. त्यानं ती तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली. “आम्ही बोलत राहिलो, तू करून दाखवलंस रे,” तो म्हणाला. त्याचा आवाज जड झाला होता. माझाही झाला.

संध्याकाळी घरी आलो तर सेराफिना मावशी ओट्यावर बसलेली. मांडीवर एक टिनाची पेटी आणि एक फळी.

“कर्णिक, तुझी पाटी बगून बरं वाटलं. आपलं ते आपलं. मला पण एक लिवून दे.”

माझे डोळे भरून आले. मी तिची कागदपत्रं वाचली, काळा रंग काढला आणि तिला पाटी लिहून दिली. ती सुकते न सुकते तोच हेन्री आला. तो बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा. त्यालाही पाटी हवी होती. मग मागच्या शेताचा मालक कॉस्मस. मग उजवीकडच्या परसबागेची मॉनिका. व्यक्तिवाद वणव्यासारखा पसरत होता आणि वणवा लावणारा मी होतो. रात्रीच्या जेवणापर्यंत मी चार पाट्या लिहिल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक छोटंसं फूलही काढलं.

शनिवारी सकाळी डबा घेऊन फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि ते तसंच उचलून परत आत घेतलं.

समोर सेराफिना मावशीच्या अंगणात पाटी होती. माझ्या फाटकापासून रस्त्यापर्यंत जाणारी वाट म्हणजे वाट नव्हतीच. ते तिचं अंगण होतं. डाव्या बाजूला हेन्री. उजव्या बाजूला मॉनिका. मागे कॉस्मस. चारही दिशांना मालकाच्या परवानगीशिवाय प्रवेश नव्हता, आणि चारही ठिकाणी अक्षर माझं होतं. फार सुंदर आलं होतं, ते मात्र कबूल केलं पाहिजे.

मावशी ओट्यावर लसूण सोलत होती.

“मावशी, ऑफिसला जायचंय. तुमच्या अंगणातून जाऊ ना?”

“परवानगी मागतंस?”

“हो, मागतो.”

“विचार करून सांगते.”

“पण गाडी चुकेल माझी. किती वेळ लागेल? आणि विचार कसला?”

“ते मालकानं सांगायचं नसतं,” मावशी म्हणाली, “बुधवारी तूच बोललास ना?”

मी चालत सुटलो असतो तर मला कोणी अडवलं नसतं. म्हातारी उठलीही नसती. पण मला जाता येईना. ही बाई माझ्या एका पाटीचा मान राखून अर्धा मैल पाणी वाहत होती आणि मी तिची पाटी तुडवू? मी फाटकाच्या आत उभा राहिलो आणि गाडीची शिट्टी ऐकली.

तेवढ्यात पद्मजा पिशवी घेऊन निघाली आणि मावशीच्या अंगणातून सरळ चालू लागली.

“अगं, परवानगी?”

“मला आहे. मी कालच घेतली. चौघांचीही.”

“मग मलाही आहेच की. आपण एक कुटुंब आहोत.”

“कुटुंब हे नुसतं नाव आहे, असं तुम्हीच सांगत होता ना? परवानगी व्यक्तीला असते.” आणि ती बाजाराला गेली.

सकाळी गाडीच्या घाईत मी अंघोळ टाळली होती, म्हणून दुसरा शोध दुपारी लागला. किल्ली माझ्याकडे नव्हती. विद्याधरला दाखवून झाल्यावर ती फोर्टात माझ्या टेबलाच्या खणात राहिली होती, आणि ऑफिस बंद झालं होतं. सोमवारपर्यंत माझी विहीर मलाही बंद! पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी पद्मजानं आणलं. कुठून, ते मी विचारलं नाही, कारण कळशी मी ओळखली. मावशीची होती.

रविवारी चारच्या सुमाराला बँड ऐकू आला.

“आज क्लॅरिसचं पाणी,” पद्मजा म्हणाली. क्लॅरिस ही मावशीची नात. उद्या तिचं लग्न, एवढं मला माहीत होतं. पाण्याचं मला काही माहीत नव्हतं. पद्मजानं सांगितलं: लग्नाच्या आदल्या दिवशी गावातल्या बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी काढून आणतात आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात.

“कुठल्या विहिरीवर?” मी विचारलं. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मिरवणूक फाटकाशी येऊन थांबली. बँड थांबला. साठसत्तर माणसं, रंगीत छत्री, फुलं बांधलेले मातीचे घडे. एकाचंही पाऊल पाटीच्या आत नव्हतं. मावशी सगळ्यांच्या पुढे उभी होती.

“कर्णिक, पोरीच्या न्हाणाला पाणी पायजे. परवानगी मागायला आलेय.”

“आणि मी नाही म्हटलं तर?” हे मी का विचारलं, देव जाणे. बहुधा खरंच जाणून घ्यायचं होतं.

“तर तशीच जाईल. माझी आई या पाण्यानं न्हाली, मी न्हाले, माझी पोर न्हाली. दुसऱ्या विहिरीचं पाणी दुसऱ्या गावचं. त्यानं न्हाली तर कुठल्या गावची लेक म्हणून जाईल ती? पण विहीर तुझी हाय. मी बोलले ते बोलले.”

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखरच नातीला तशीच चर्चमध्ये पाठवणार होती. कुलपाला हात लावणार नव्हती. तत्त्वासाठी प्राण देणाऱ्यांच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या होत्या. तत्त्वासाठी, तेही दुसऱ्याच्या, एवढं सोडणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. मला तिच्यापुढे हात जोडावेसे वाटले.

“मावशी, तुम्हाला परवानगी आहे,” मी म्हणालो. “पण किल्ली ऑफिसात आहे.”

साठसत्तर माणसं कुलपाकडे पाहू लागली. कुठल्या तरी वाद्यातून एक बारीक सूर आपोआप निघाला.

मग मला सुचलं. झाकण माझं आहे! स्वतःची वस्तू मोडायचा हक्क मालकाला आहेच. मी पहार आणली आणि झाकणावर चढलो. मावशी एकटीच घडा घेऊन आत आली. बाकी सगळे फाटकाबाहेर. पहिली फळी उचकटली. दुसरी उचकटली. तिसरीवर मी उभा होतो, हे तिसरी निघाल्यावर लक्षात आलं.

जानेवारीतलं विहिरीचं पाणी किती थंड असतं, ते मी वर्णन करत नाही. छातीभर पाणी होतं, पायाखाली चिखल आणि हातात फळी. वर आभाळाचा गोल तुकडा, आणि त्यात मावशीचं डोकं.

“लागलं काय रं?”

“नाही. मावशी, लोकांना आत बोलवा, दोर सोडा!”

“मी कशी बोलवू? मालक तू. कोणाला परवानगी देतंस, नाव घे.”

“सगळ्यांना!”

“असं नाय. एकेकाची असते. तूच शिकवलंस.”

“हेन्री!” मी ओरडलो. “कॉस्मस! मॉनिका!”

आणि थांबलो. पुढचं नाव येईना. चार महिने ही माणसं सकाळ-संध्याकाळ माझ्या अंगणात येत होती. एकेकटा माणूस हाच काय तो खरा, असं मी ज्याला-त्याला सांगत होतो, आणि मला ओळखता येणारी माणसं तीन भरली. दातांवर दात वाजत होते, पण अंगावर आलेला तो काटा थंडीचा नव्हता.

“अजून?” वरून मावशी.

“मावशी, मला नावं येत नाहीत.”

तिनं काठावर कोपरं टेकली. मग म्हणाली, “तर शिक. जॉनी.”

“जॉनी.”

“जॉनीची बायको, रेमेदिया.”

“रेमेदिया.”

एकेक नाव ती वरून सोडत होती आणि मी खालून परत करत होतो. एकेका नावाबरोबर काठावर एकेक डोकं उगवत होतं. आभाळाचा तुकडा लहान होत गेला. विसावं की पंचविसावं नाव होईपर्यंत काठ भरला, आणि मी वर पाहतच राहिलो. इतक्या माणसांनी माझ्याकडे एका वेळी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांतलं एकही हसत नव्हतं.

“ही परवानगी आजच्यापुरती?” मावशीनं विचारलं.

“कायमची!”

मग दोर आला. मी वर निघालो तेव्हा बँडनं जे काही वाजवायचं ते वाजवलं. मी काठावर निथळत बसलो आणि बायकांनी गाणी म्हणत घडे भरले.

“मावशी, मी पडलो होतो. हे पाणी चालेल ना नवरीला?”

“माझ्या बापाच्या वेळचं कासव हाय त्यात,” मावशी म्हणाली. “तुझं काय एवढं?” आणि पहिला घडा डोक्यावर घेऊन ती निघाली. निघता निघता म्हणाली, “मांडवात ये. अंगणातून ये, सरळ.”

पद्मजानं माझ्या खांद्यावर पंचा टाकला आणि कानाशी हळूच काहीतरी विचारलं. मी तिला गप्प राहायची खूण केली.

क्लॅरिस दुसऱ्या दिवशी थाटात लग्न लागून सासरी गेली. अजूनही माहेरी आली की आवर्जून आमच्याकडे येते आणि मुलांना सांगते, माझ्या न्हाणाच्या पाण्यासाठी या काकांनी विहिरीत उडी घेतली. मुलं माझ्याकडे डोळे विस्फारून पाहतात. मी मान खाली घालतो. लोक त्याला विनय समजतात. पद्मजानं तेव्हा कानाशी विचारलं होतं, ते माझ्या अंघोळीबद्दल. शुक्रवार सकाळनंतर रविवारी संध्याकाळपर्यंत आमच्याकडे अंघोळीला पाणी नव्हतं, त्या विहिरीत झाली ती माझी दोन दिवसांतली पहिली अंघोळ, आणि त्याच पाण्यात क्लॅरिसचा नंबर माझ्यानंतर लागला, एवढं मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही.