टांझानियाला एकदा जाऊन यायला हवं

दामूअण्णांना वेळ विचारली की ते दोन वेळा सांगतात. “आपले साडेदहा. त्यांचे आठ.” ‘त्यांचे’ म्हणजे टांझानियातले. तेवढ्यावर थांबत नाहीत. समोरच्या माडांच्या शेंड्यांकडे बघत म्हणतात, “आता तिथल्या बायका काजूच्या झाडांखाली पोचल्या असतील. दव असेल अजून पाल्यावर.” विचारणाऱ्याची एसटी तोवर निघून गेलेली असते.

अण्णा रत्नागिरीतले आमचे शेजारी. सत्तरीला आलेले, एकटे. शहराबाहेरच्या एका काजू कारखान्यात त्यांनी तीस वर्षं पोती तपासली. माझी आई तिथेच बिया फोडायची. आपल्याकडचा काजू पावसाआधी संपतो, मग कारखाना चालतो तो आफ्रिकेतून बोटीने आलेल्या बियांवर. अण्णा पोत्यात हात घालून मूठभर बिया काढत, कापून गर बघत आणि एखादी बी नाकाशी नेऊन डोळे मिटत.

मुकादम ओरडे, “दामू, बी तपासायची आहे, अत्तर नव्हे!”

“थांब हो,” अण्णा डोळे न उघडता म्हणत, “ही समुद्राजवळची दिसते.”

पोत्यांवर ‘मटवारा’ असं टांझानियातल्या बंदराचं नाव छापलेलं असे. माझ्या शाळेच्या नकाशात ते आम्ही दोघांनी मिळून शोधलं. आज मी भूगोल शिकवते, त्याची सुरुवात बहुधा त्या दिवशी झाली. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. कॉलेजात नाव घालायला गेलो तेव्हा आई दाराशीच अडली होती. अण्णा पुढे झाले. “चला गो, आत कोण खात नाही.”

तर टांझानिया. जायचं कशाला, तर अण्णांचं म्हणणं साधं आहे. “ते दरवर्षी आपल्या दारात येतात. आपण एकदा तरी जायला नको? बरं दिसतं का?” येत होती ती पोती. पण अण्णांच्या हिशेबी ते पाहुणे होते, आणि पाहुण्यांकडे रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून भेट नेणार होते काजूगरांची.

“अण्णा, काजूच्या देशात काजू?”

“मग? त्यांच्या बियांचं आम्ही पुढे काय केलं, ते त्यांना कळायला नको?”

तिकडची भाषाही ते थोडी शिकलेत. भाट्याच्या पुलावर रिक्षा वेगात निघाली की मागून “पोले पोले!” असं ओरडतात. म्हणजे सावकाश. रिक्षावाले आता लांबूनच हाक मारतात, “काय टांझानिया, कधी निघताय?”

“यंदा दिवाळीत. तिथला काजू तेव्हा पिकतो.”

हे उत्तर गेली सहा वर्षं तेच आहे. पासपोर्ट तयार आहे. दरवर्षी अण्णा प्रवास कंपनीचा अर्ज आणतात आणि दरवर्षी काहीतरी आडवं येतं. एकदा चष्मा फुटला. एकदा अर्ज पावसात भिजला. एकदा फोटो चोरासारखा आला. आळी हसायची. मीही हसायचे.

यंदा मी ठरवलं, अर्ज आपणच भरून द्यायचा. रविवारी त्यांच्या पडवीत जाऊन बसले.

“ट्रंकेत बघ,” चुलीपाशी चहा ठेवत अण्णा आतून म्हणाले.

ट्रंकेत यंदाच्या कोऱ्या अर्जाखाली जुने पाच अर्ज होते. एकही भिजलेला नव्हता. सगळे पोत्यावर छापावं तशा मोठ्या अक्षरात नीट भरलेले. नाव, पत्ता, रक्तगट. आणि पाचही एकाच रकान्याशी येऊन थांबलेले: प्रवासात काही झाल्यास कोणाला कळवावे? नाव आणि नाते.

अण्णा दोन कप घेऊन दारात उभे होते.

“तेवढं एक राहतं बघ दरवेळी,” ते म्हणाले.

मी पेन उघडलं. यंदाच्या अर्जात मी माझं नाव लिहिलं. नात्यापुढे ‘भाची’ लिहायला घेतलं, तर त्यांनी माझा हात धरला. “खोटं नको गो. परक्या मुलखात जायचा कागद आहे.”

दगडी गडग्यापलीकडे, आमच्या अंगणात आई कपडे वाळत घालत होती. तिने सगळं ऐकलं असावं. पिळलेली चादर झटकत तिथूनच म्हणाली, “अण्णा, यंदा भाऊबीजेला आमच्याकडे पाटावर येऊन बसायचं. मी ओवाळते. मग बघू कोण खोटं म्हणतो ते.”

अण्णांनी कप खाली ठेवले. थोडा चहा सांडला, तो पंच्याने पुसत बसले. पुसून झाल्यावरही पुसत होते.

“निघायचं धनत्रयोदशीला ठरलंय ना?” मी हळूच विचारलं.

“भाऊबीजेनंतरचं मिळतं का बघ,” अण्णा म्हणाले. “चार दिवस उशीर झाला तर ते काय रागावणार नाहीत. सांगेन त्यांना, घरी सण होता.”