सर्वात निरोगी टेकडी

आकडे कधी खोटं बोलत नाहीत, असं आकडेशास्त्री दिवसातून चारदा ऑफिसात सांगत आणि पाचव्यांदा आत्याला फोनवर. ते आरोग्य खात्यातले साथरोगतज्ज्ञ. फिरत्या दवाखान्याची एकुलती एक गाडी कुठल्या वस्तीला द्यायची, हे ठरवायचं काम मोठ्या डॉक्टरीणबाईंनी यंदा त्यांच्यावर सोपवलं.

त्यांनी दवाखान्यात येणारे रुग्ण वस्तीवार मोजले. दवाखान्याला खेटून असलेल्या गल्लीतून नुसती रीघ. आत्याच्या टेकडीवरून वर्षभरात एकही नाही.

"तिथली हवाच अशी, की आजार फिरकत नाही," ते बैठकीत म्हणाले. गाडी गल्लीला मिळाली. टेकडीला मिळाली 'सर्वात निरोगी वस्ती' अशी पितळी ढाल.

"एकदा वर जाऊन तर या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"जातो की. ढाल द्यायला."

बसनं पायथ्याशी सोडलं. मागून कच्चा रस्ता होता, पण बस तो चढत नसे. पुढं पायऱ्या, त्यातल्या निम्म्या ढासळलेल्या. शेवटच्या वळणावर ढाल वाचवण्याच्या नादात आकडेशास्त्रींचा पाय असा मुरगळला, की दोघांनी उचलून त्यांना आत्याच्या ओट्यावर आणून ठेवलं. ओट्यावर आधीच एक खोकणारे काका होते, पायाला फडकं बांधलेली शेजारीण होती, आणि गुडघे सुजलेली आत्या.

"आत्या, दवाखान्यात का नाही गेलीस?"

"उतरायला गुडघे लागतात रे. आणि दवाखाना हवाय तो गुडघ्यांसाठीच."

"फोनवर बोलली नाहीस कधी."

"तू बोलू देशील तर ना. तुझे आकडे संपेपर्यंत माझा स्वयंपाक होतो."

"इथला आजारी खाली जातो तो चौघांच्या खांद्यावर," काका म्हणाले, "आणि तो काही दवाखान्यात जात नाही." सगळे हसले. आकडेशास्त्रींना हसता येईना.

"पण आता फिरती गाडी येणार आहे," आत्या सगळ्यांकडे बघत म्हणाली. "माझा भाचाच ठरवणार आहे म्हटल्यावर आपल्यालाच मिळणार. मी केव्हाच सांगून ठेवलंय."

आकडेशास्त्रींना लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी ढाल हळूच पाठीमागे सरकवली आणि सगळ्यांसमोरच स्पीकरवर फोन लावला.

"बाई, टेकडीवर एक रुग्ण आढळलाय."

"तिथे आजार नाही म्हणालात ना? कोण रुग्ण?"

"मी. जरा गाडी पाठवता?"

"गाडी तुम्हीच गल्लीला दिलीत. दवाखान्याच्या दारात उभी आहे, आणि ड्रायव्हर गेलाय घरी."

आत्यानं पदरानं तोंड पुसलं आणि दुसरीकडे पाहिलं.

"माझं चुकलं, बाई," आकडेशास्त्री खाली मान घालून म्हणाले. "जे येऊच शकत नाहीत, त्यांना मी निरोगी धरलं. गाडी टेकडीला द्या."

"उद्यापासून देते. पण आज तुम्ही कसे येणार?"

आत्याची खुर्ची आणली गेली. आकडेशास्त्री तीत बसले, ढाल मांडीवर पालथी घातली, आणि चौघांनी खुर्ची खांद्यावर घेतली.

"जपून रे," आत्या मागून ओरडली, "याला दवाखान्यात न्यायचंय. सवयीनं पुढे नेऊ नका."