मास्तरांनी धुतलेलं गाव

"जगात बिघडलेली वस्तू म्हणून नसतेच. बिघडलेला असतो तो तिचा रंग! आणि मला ताळ्यावर आणता येणार नाही, असा रंग अजून जन्माला यायचाय!"

मास्तरांनी हे सकाळच्या चहाला जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या अंगात गुलाबी बनियन होतं. मुळात ते पांढरं होतं. मागच्या आठवड्यात "बाजूला हो, धुणं हे शास्त्र आहे," असं बायकोला सुनावून त्यांनी पांढऱ्या कपड्यांचं मशीन स्वतः लावलं होतं, आणि शास्त्राच्या भरात एक लाल टॉवेल आत राहून गेला होता. तेव्हापासून घरातले अभ्रे, चादरी आणि मास्तर एकाच छटेत वावरत होते.

"आधी ते बनियन आणा ताळ्यावर," बायको म्हणाली आणि खोकली.

तिचं हे असंच चाले. एक वाक्य, एक उबळ. भांडताना मधल्या उबळीत मास्तरांना दोन शब्द घुसवता येत. त्या खोकल्याचा घरात झालेला फायदा एवढाच. बाकी तिला जिना चढताना दम लागे, आणि दोरीवर धुतलेली चादर संध्याकाळी काढली की तिच्यावर बोटानं नाव लिहिता येई.

हे सगळं येत होतं कापड कारखान्याच्या धुराड्यातून. त्याच कारखान्यात मास्तरांनी रंगमास्तर म्हणून उभा जन्म कापड रंगवण्यात घालवला होता. मळकट राखाडीच्या कितीतरी छटा ते डोळे मिटून सांगत. फक्त स्वतःच्या गॅलरीत बसलेली राखाडी त्यांना कधी दिसली नाही. ती कारखान्याची होती ना! घरच्या माणसाच्या घोरण्याला कोणी आवाज म्हणत नाही.

त्यांची लेक मात्र या राखाडीच्या हात धुऊन मागे लागली होती. ती उपग्रहांनी काढलेले पृथ्वीचे फोटो तयार करणाऱ्या कचेरीत होती. धुराड्यावर धूर गाळायचं यंत्र बसवायची सक्ती करावी, म्हणून तिनं नगरपालिकेचे उंबरठे झिजवले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "पुरावा दाखवा. गावावर धूर आहे हे डोळ्यांना दिसू द्या, मग सभेत हात वर करू." म्हणून तिनं थेट आकाशातून काढलेला गावाचा फोटो घेतला. उद्या सभेच्या हॉलमध्ये तो भिंतभर लागणार होता. हात वर झाले तर यंत्र बसणार, नाहीतर विषय कायमचा बंद.

हे सगळं तिनं घरी जेवताना सांगितलं होतं. मास्तरांनी त्यातलं "फोटो", "भिंतभर" आणि "सगळं गाव येणार" एवढंच ऐकलं.

त्या दिवशी लेक चष्मा घरी विसरली, म्हणून मास्तर तो द्यायला तिच्या कचेरीत गेले. पडद्यावर गाव उघडलेलंच होतं.

"बाबा, बसा. पण कशाला हात लावू नका."

"मी काय लहान आहे? हे रंग कोण भरतं?"

"कोणी भरत नाही. कॅमेऱ्याला रंग कळतच नाहीत. लाल काच लावून एक फोटो, हिरवी लावून एक, निळी लावून एक. तिन्ही काळेपांढरेच. मग इथे एकावर एक चढवायचे, की रंग दिसतो."

"अगं, म्हणजे तीन रंगांच्या हौदांतून कापड काढायचंच काम की! मी वेगळं काय केलं आयुष्यभर? आणि ही चौथी काच कसली?"

"ती आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाची. निळ्या काचेत धूर सगळ्यात जास्त पसरलेला दिसतो. या चौथीत तो जवळजवळ दिसतच नाही."

एवढ्यात तिला मोठ्या बाईंनी बोलावलं. ती गेली, आणि मास्तर पडद्याजवळ सरकले. फक्त बघायला!

बघितलं आणि त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. नदी ठीक होती. शेतं ठीक होती. पण ऐन गावावर, कुणीतरी चहाचा कप लवंडावा तसा तपकिरी फराटा पसरला होता. डाग! कारखान्यात हातभर कापडावर डाग दिसला, तर अख्खा तागा परत येई आणि मास्तरांना रात्रभर झोप येत नसे. आणि हा डाग उद्या भिंतभर लागणार? मालक बघणार, जुने सहकारी बघणार, आणि म्हणणार, रंगमास्तरांची लेक आणि कामात डाग?

पोरीनं घाईत केलं असेल, असं म्हणून मास्तरांनी बाह्या सरसावल्या.

निळा कमी केला. गावाला कावीळ झाली! घाबरून चौथ्या काचेचा फोटो वर चढवला, तर डाग विरला, पण गावातलं प्रत्येक झाड असं लालभडक पेटलं, की अग्निशामक दलाला फोन करावासा वाटावा. दुसरा कुणी असता तर पळून गेला असता. मास्तरांना मात्र चेव आला. लाल चढला की हिरव्यानं मारायचा, हे त्यांच्या रक्तात होतं. जीभ दातांत धरून त्यांनी थोडं इकडे ओढलं, थोडं तिकडे सोडलं. आणि बघता बघता गाव असं वर आलं, की जणू आत्ताच न्हाऊमाखू घातलेलं बाळ! कौलं लाल, रस्ते लख्ख, झाडं बाटलीसारखी हिरवीगार.

मशीननं विचारलं, जुन्यावरच साठवायचं का?

"जुनं ठेवून करायचंय काय?" मास्तर म्हणाले आणि त्यांनी होकाराचं बटण दाबलं.

लेक परत येईपर्यंत पडदा आपोआप झोपला होता.

"हात नाही ना लावलात?"

"छे!"

तिनं फोटो सकाळीच नीट तपासला होता. त्यामुळे पुन्हा न उघडता तो तसाच छापखान्यात धाडून दिला.  उद्या टाळ्या वाजल्या की मगच सांगू, असं मास्तरांनी मनाशी ठरवलं.

टाळ्या वाजल्या, यात शंका नाही.

दुसऱ्या दिवशी हॉल खच्चून भरला. पहिल्या रांगेत कारखान्याचे मालक, शेवटच्या रांगेत मास्तर आणि त्यांची बायको. अध्यक्षांनी दोरी ओढली, पडदा सरकला. लोकांच्या तोंडून "वा!" निघालं. लेक लोकांकडे तोंड करून उभी होती. मागे न बघता तिनं छडी उचलून बरोबर गावाच्या मध्यावर टेकवली आणि म्हणाली, "हा तपकिरी पट्टा बघा. याच्याखाली आपण सगळे राहतो."



"कुठला पट्टा?" अध्यक्षांनी चष्मा पुसला.

"मला तर आमची गच्ची दिसतेय!" मागून एक जण आनंदानं ओरडला. "टाकीसकट!"

लेक वळली. छडी तशीच हवेत राहिली. तिनं नदी बघितली, कौलं बघितली, आणि झाडांचा तो बाटली हिरवा बघितला. लहानपणी तिच्या शाळेच्या गणवेशापासून घराच्या दारापर्यंत सगळं बाबांनी त्याच हिरव्यात रंगवलेलं होतं. तिची नजर सावकाश शेवटच्या रांगेकडे आली.

"अहो," बायको कुजबुजली, "काल तिथं काही उद्योग तर केला नाहीत ना?"

"थोडासा हात फिरवला."

"कशावर?"

"गावावर."

बायकोला बोलायचं पुष्कळ होतं, पण नेमकी उबळ आली.

तोवर मालक उठले होते. "बाईंचे उपकार मानावे तेवढे थोडे! आम्ही सांगत होतो ते कुणी ऐकत नव्हतं. आज साक्षात आकाशानं साक्ष दिली!"

कडाडून टाळ्या पडल्या. मास्तरांनी ऐटीत कॉलर सारखी केली, कारण टाळ्या वाजल्या की बोलायचं असं ठरलं होतं. मग त्यांच्या टाळक्यात प्रकाश पडला. ते ताडकन उभे राहिले.

"थांबा! तो रंग खरा नाही! तिथे डाग होता, मी काढला!"

"मास्तर!" मालक प्रेमानं हसले. "तुम्ही? तुम्ही आमच्या पंगतीतले! लेक अडचणीत आली म्हणून बाप काहीही बोलणार, आम्ही समजू शकतो."

"अहो, खरंच मी काढला! निळा उतरवला, चौथी काच चढवली..."

"अस्सं? मग धूर निघतो म्हणायचा असा बसल्या बसल्या?" मालक सभेकडे वळले. "अध्यक्ष, मग यंत्राचा खर्च कशाला? मास्तरांनाच बसवू धुराड्यावर!"

सगळा हॉल हसला. मास्तरांचे जुने सहकारी तर डोळे पुसून हसले.

"मूळचा फोटो दाखवा की," अध्यक्ष लेकीला म्हणाले.

"त्याच्यावरच साठवलाय," ती वडिलांकडे बघत म्हणाली. "काचांचे सुटे फोटो आहेत, पण ते पुन्हा जुळवायला उद्या उजाडेल."

"सभा आजची आहे, बाई. पुरावा तुमचा, फोटो तुमचा. आम्ही भिंतीवर दिसतं तेवढंच बघणार. मालक, तुमचं संपलं की हात वर घेऊ."

मास्तर मटकन खाली बसले. शेजारी बायको दोन्ही हात छातीशी धरून श्वास जमवत होती. ती काही बोलत नव्हती. तिचं हे न बोलणं मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच ऐकू आलं.

गर्दीनं हॉल तापला होता, म्हणून शिपायानं मागची, कारखान्याच्या बाजूची खिडकी सताड उघडली. वारा आला तशी मंडळी सैलावली. मालकांनी कोटाची बटणं सोडली आणि शेवटचं बोलायला घेतलं.

"मंडळी, वरून बघा, खालून बघा, आपलं गाव आरशासारखं आहे! धूर धूर म्हणून जो ओरडा चाललाय, तो धूर आहे कुठे? मला दाखवा! मी इथे उभा राहून छातीठोकपणे..."

मालकांनी छाती ठोकली. ती ठोकल्यावर आतून खोकला आला. तो थांबला, तसा दुसरा आला. पहिल्या रांगेतल्या दोघातिघांनी नाकाला रुमाल लावले. अध्यक्षांनी पुन्हा चष्मा पुसला. या वेळी दोन्ही बाजूंनी. भिंतीवरच्या लख्ख गावाच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी बारीक काळं येऊन बसलं, आणि लेकीनं ते छडीच्या टोकानं उचलून शांतपणे अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलं.

मालकांनी पाण्याचा पेला संपवला. डोळे चोळले. आवाज फुटेना, म्हणून शेवटच्या रांगेकडे बोट केलं आणि घोगऱ्या सुरात म्हणाले,

"मास्तर... तुम्ही जवळ आहात म्हणून सांगतो. तेवढी ती खिडकी लावून घेता का?"